फाटकावरील हॅलोजन वारंवार जाण्याचे कारण आणि इतिवृत्तातील दुरुस्तीबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
ता. आर्वी, जि. वर्धा

महोदय,

मागील सभेच्या इतिवृत्तात ‘हलक्या प्रतीच्या नळ्या आणल्यामुळे फाटकावरील हॅलोजन वारंवार जातो’ असे वाक्य घालण्यात आले आहे. या दिव्याच्या काचेच्या नळ्या वर्ध्याहून मी आणतो हे सर्वांना ठाऊक असल्याने, नाव घेतले नसले तरी रोख कोणावर आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. तोंडी सांगून झाले, सचिवांकडे अर्जही देऊन झाला. उत्तर न आल्यामुळे आपणास लिहीत आहे.

दोष नळीचा नसून तिला मिळणाऱ्या व्होल्टेजचा आहे. नळीवर २३० व्होल्ट, ५०० वॅट असे छापलेले आहे आणि तिचे सुमारे २,००० तासांचे आयुष्य त्या २३० व्होल्टलाच धरलेले असते. व्होल्टेज वाढले की फिलामेंट, म्हणजे नळीतील टंगस्टन धातूची बारीक तार, जास्त तापते व टंगस्टनची वाफ झपाट्याने होते. आतील हॅलोजन वायू ती वाफ फिलामेंटकडे परत आणतो खरा, पण धातू जिथून उडाला नेमका तिथेच तो बसत नाही, आणि तार एखाद्या जागी बारीक होऊन तुटते. काढलेली शेवटची नळी मी जपून ठेवली आहे: काच स्वच्छ, तार मात्र एकाच ठिकाणी तुटलेली आणि दोन्ही टोकांवर वितळलेल्या धातूचा बारीक मणी. हलका माल म्हणणाऱ्यांनी ती एकदा हातात घेऊन पाहावी.

व्होल्टेज ५ टक्क्यांनी वाढले तर आयुष्य जवळजवळ निम्मे होते. फाटकाच्या बोर्डावर रात्री मीटर लावला तेव्हा २५२ हा आकडा आला, दोन सभासद तिथे उभे होते. एवढ्या व्होल्टेजला उजेड तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, ५०० वॅटची नळी ५८० वॅटच्या आसपास ओढते आणि आयुष्य सहाशे तासांच्या घरात येते. रात्रभर चालणारा दिवा मग दोन महिनेही पुरत नाही, आणि जादा युनिटचे बिल संस्थेच्या माथी येते ते वेगळेच.

हे व्होल्टेज चढले कशाने? फाटकासमोरील सभासदांनी, जे समितीतही आहेत, कूलरला होल्टेज मिळत नाही म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी आपले घर आणि सोबत फाटकाची लाइन डीपीच्या (गल्लीला वीज वाटणाऱ्या पेटीच्या) तिसऱ्या फेजवर, म्हणजे तीन वीजतारांपैकी तिसरीवर, घेतली. त्यासाठी ठराव झाला नाही. बाकी ले-आऊटचे कूलर उरलेल्या दोन फेजवर आहेत, आणि न्यूट्रलचा, म्हणजे तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या तारेचा, जोड ढिला असल्याने भरलेल्या फेजचे व्होल्टेज बसते व रिकाम्या फेजचे चढते. त्यांचा कूलर छान चालतो. आवाज माझ्या ओसरीपर्यंत येतो.

सचिव म्हणतात की नळ्या कमी होल्टेजने जातात. हे उलटे आहे. व्होल्टेज १० टक्के घटले तर उजेड सत्तर टक्क्यांवर उतरतो, पण नळी सुमारे चौपट टिकते. पूर्वी फाटकावर पिवळट उजेड पडे आणि त्याबद्दल तक्रारी होत. नळी बदलावी लागल्याचे मात्र कोणाला फारसे आठवत नाही.

उपविधींप्रमाणे सामाईक दिव्यांची देखभाल ही संस्थेची जबाबदारी आहे, हे आपणास सांगणे नको. (माझ्या वर्गणीचा विषय स्वतंत्र आहे, तो यात आणू नये.) गल्लीतील बहुतेकांचे मत माझ्यासारखेच आहे, त्यांना समितीशी वाकडेपणा नको म्हणून सह्या घेतल्या नाहीत.

तरी लाइनमनला बोलावून न्यूट्रलचा जोड घट्ट करून घ्यावा, फाटकाची लाइन पूर्वीच्या फेजवर न्यावी आणि इतिवृत्तातील ते वाक्य पुढील सभेत वगळावे. एलईडी लावायचे ठरल्यास माझी हरकत नाही, फक्त जोड ढिलाच ठेवून त्याचे सर्किट गेले तर दुकानदाराला दोष देऊ नये. तोवर लागणाऱ्या नळ्या, प्रतीची खात्री असावी म्हणून, समोरील सभासदांनीच स्वतः आणाव्यात, ही विनंती.

आपला विश्वासू,
फाटकालगतच्या प्लॉटचा सभासद