दूध का सोडलं, त्याबद्दल

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "म्हणजे तूही आता गोरक्षकांच्या पंगतीला बसणार का?" असल्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा, नाही बसणार. मांस आणि अंडी सोडली, आता दूधही सोडलं, त्यात सोवळ्याचा भाग नाही. आपल्याकडं ताटात काय आहे त्यावरून माणसाची जात काढतात, भाड्यानं खोली नाकारतात, नुसत्या संशयावरून माणसं मारतात. २०१५ च्या कायद्यानं आपल्या राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आली. थकलेल्या बैलाचं काय करायचं हे शेतकऱ्याला कुणी सांगितलं नाही, कुरेशी समाजाच्या पोटावर पाय आला, आणि म्हशीला तर ती बंदी लागूच नाही. ज्याला खरोखर जनावराचा कळवळा आहे, त्याला गाय आणि म्हैस यांत असा भेद करता येईल का? पोलिसाच्या दांडक्यानं कुणाच्या ताटातलं काढून घेणं मला मान्य नाही, आणि कधी होणारही नाही.

तुम्ही गिरणीच्या गेटवर बोलायचात ते मी तुमच्या खांद्यावर बसून ऐकलंय. दुसऱ्याच्या अंगमेहनतीवर मालकानं गबर व्हायचं, आणि ज्याची मेहनत त्यानं उपाशी राहायचं, हे चालू देणार नाही म्हणायचात. मी त्याच वाक्यापासून निघाले. फक्त ते माणसापाशी का थांबवायचं, याचं कारण मला सापडलं नाही.

हे काही इकडच्या, इंग्लंडमधल्या सुखवस्तू पोरांचं नवं खूळ नाही. लुईझ मिशेल ही फ्रान्समधली शिक्षिका १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या कामकऱ्यांनी शहराचा कारभार हाती घेतला त्या बंडात, बंदूक घेऊन लढली. सरकारनं तिला पार न्यू कॅलेडोनियाच्या बेटांवर काळ्या पाण्याला धाडलं. बलवानांविरुद्धची आपली चीड लहानपणी गावात जनावरांचे हाल पाहिले तिथून सुरू झाली, असं तिनंच लिहून ठेवलंय. तिच्याच काळातला एलिझे रेक्लू हा मोठा भूगोलतज्ज्ञ. राज्यसत्ता आणि मालक यांच्यावाचून माणसं एकमेकांच्या साथीनं जगू शकतात असं मानणारा. कम्यूनपायी त्यानं तुरुंग भोगला आणि हद्दपारीही. त्यानं १९०१ साली शाकाहारावर लिहिलं त्यात लहानपणची एक आठवण आहे. एक म्हातारी आपलं पाळलेलं डुक्कर मारू देईना, तर गाव एकत्र झालं आणि ते ओढून नेऊन मारलं. सगळं गाव एका बाजूला, म्हातारी आणि डुक्कर दुसऱ्या बाजूला. मी कुठल्या बाजूला उभी राहीन, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि बाबा, इथल्या लंडनमधल्या एका खटल्याची गोष्ट तुम्हाला फार आवडेल. 'लंडन ग्रीनपीस' नावाचा एक छोटासा गट होता. 'ग्रीनपीस' या प्रसिद्ध मोठ्या पर्यावरणवादी संघटनेशी त्याचा संबंध नव्हता. या मंडळींनी १९८६ साली मॅकडोनाल्ड्सविरुद्ध एक पत्रक काढलं. कामगारांना तुटपुंजी मजुरी, पोरांना भुलवणाऱ्या जाहिराती, जंगलतोड, आणि गाई-डुकरं-कोंबड्यांचे हाल, सगळं एकाच कागदावर. मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं, की त्यांनी मजुरीचा प्रश्न आणि कोंबडीचा प्रश्न असे दोन कागद केले नाहीत. १९९० मध्ये कंपनीनं पाच जणांवर अब्रूनुकसानीचा दावा लावला. तिघांनी माफी मागून सुटका करून घेतली. हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस हे दोघे अडून बसले. मॉरिस आधी पोस्टमन होता. वकिलाला द्यायला पैसे नाहीत, सरकारी मदत मिळेना, म्हणून दोघं स्वतःच उभे राहिले आणि कंपनीच्या बड्या बड्या साहेबांची उलटतपासणी घेतली. कोर्टात ३१३ दिवस काम चाललं. इंग्लंडच्या इतिहासातला तो सगळ्यात लांबलेला खटला. १९९७ साली निकाल लागला तेव्हा बऱ्याच मुद्द्यांवर हे दोघे हरले, कंपनीला भरपाई द्या असंही त्यांना सांगितलं. पण जनावरांच्या काही हालांना कंपनी जबाबदार आहे, जाहिरातींतून ती मुलांचा फायदा उठवते आणि कमी पगार देते, हे न्यायाधीशांना निकालात लिहावंच लागलं. पुढं २००५ मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयानं सांगितलं की ब्रिटिश सरकारनं या दोघांना न्याय्य सुनावणी मिळू दिली नाही. भरपाईचा एक पैसा त्यांनी कंपनीला दिला नाही.

अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या हॅम्लेट गावी १९९१ मध्ये कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यात आग लागली तेव्हा दारांना कुलपं होती. २५ कामगार गेले. पक्ष्यांना पिंजऱ्यात कोंबणारा मालक माणसांना वेगळं वागवत नाही.

आपल्याकडं बघा. ओढ्याच्या पलीकडं पोल्ट्रीच्या शेड उभ्या राहिल्यात. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. पोरांचं काय, तर शेड, वीजबिल, रात्रीचं जागरण आणि बँकेचं कर्ज. सहा आठवड्यांच्या आत पिल्लू इतकं फुगतं की त्याला स्वतःचं अंग पेलत नाही, मग गाडी येते. किलोला किती द्यायचं ते कंपनी ठरवते. तो शेडवाला पोरगा स्वतःला मालक म्हणवतो, पण त्याची अवस्था गिरणीतल्या बदली कामगाराहून बरी नाही. त्याची युनियन नाही, आणि पिल्लांना तर तोंडच नाही.

आई, आता तुला लिहिते, आणि तुला दुखवायचं माझ्या मनात नाही. आपल्या म्हशीचं रेडकू गेलं तेव्हा मी लहान होते. नर होतं ते, त्याला पोटभर पाजायचं कुणाच्याच मनात नसतं. त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढं ठेवलं होतं. तिनं ते चाटलं, पान्हा सोडला, आणि तू धार काढलीस. त्या दिवशी तू संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नव्हतीस. त्याच दुधावर माझी फी गेली, हे मी विसरत नाही. पण त्यात तुला तरी काय मिळालं? डेअरीवर फॅट कमी लागली की दहा दिवसांचं बिल निम्म्यावर यायचं, आणि दर ठरवणाऱ्यांनी कधी शेणात हात घातला नाही. जुलै २०१८ मध्ये शेतकऱ्यांनी दूध रस्त्यावर ओतलं ते उगीच नव्हे. म्हशीचं रेडकू गेलं आणि तुझी कंबर गेली. मला तुम्हा दोघींची बाजू घ्यायची आहे.

मी खाते काय, याची काळजी करू नको. तुझ्याच हातचं खाते: झुणका, मटकीची उसळ, शेंगदाण्याची आमटी, खर्डा. इथं रविवारी आम्ही काही जण बाजारातली टाकून दिलेली भाजी गोळा करून मोठ्या पातेल्यात शिजवतो आणि रस्त्यावर फुकट वाढतो. १९८० साली अमेरिकेत अण्वस्त्रं आणि अणुवीज यांविरुद्ध लढणाऱ्या लोकांनी सुरू केलेली ही रीत आहे, नाव फूड नॉट बॉम्ब्ज. कोण कुठला विचारत नाही, पावती फाडत नाही. मसूराच्या आमटीला मी कांदा-लसूण मसाला घालते, तर लोक दुसऱ्यांदा वाटी घेऊन येतात. मसाला संपत आलाय, येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठव.

बाबा, तुमचं युनियनचं ऑफिस अजून उघडतं ना? पोल्ट्रीवाल्या पोरांना एकदा तिथं बोलवा, कंपनीबरोबरचे करार घेऊन. दिवाळीत मी येतेय, आपण बसून वाचू. जनावरांचं मी तिथं लगेच काढणार नाही, आधी त्यांचं ऐकू.

आणि आई, माझ्या या पत्रामुळं म्हैस विकायचा विचार करू नका. बाजारात गेली की ती पुढं कुठं जाते ते आपल्या तिघांनाही माहीत आहे. आटली तरी गोठ्यातच राहू दे. वैरणीचे आणि आंबोणाचे पैसे दर महिन्याला मी पाठवीन.

तुमची,
लेक