सायकलप्रवास: चढाइतकेच महत्त्व मोटारमुक्त वाटेला द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत सायकलप्रवासावर अधूनमधून लेख येतात आणि मी ते आवर्जून वाचते. मात्र त्यांतले बहुतेक लेख उंच खिंडी, दमछाक करणारे चढ आणि दिवसाकाठी कापलेले शंभर-सव्वाशे किलोमीटर यांविषयीच असतात. त्या प्रवासामागच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. परंतु सतत असेच वाचत राहिल्याने सायकलवरून दूरचा प्रवास हे केवळ तरुण आणि कसलेल्या माणसांचे काम आहे, अशी वाचकाची समजूत होऊन बसते. सपाट वनप्रदेशातून, तळ्यांच्या काठाकाठाने, मोटारी नसलेल्या वाटांवरून संथपणे केलेली भ्रमंती हा याच छंदाचा तितकाच संपन्न प्रकार आहे, आणि त्याविषयी मराठीत फारच थोडे लिहिले जाते. उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्ग, पूर्व जर्मनीतील लाउझित्स आणि बेल्जियममधील लिंबुर्ग या प्रदेशांत मी सायकलने हिंडले आहे. तिथे जी शांतता अनुभवास येते ती निव्वळ निसर्गाच्या कृपेने लाभलेली नसून कायद्याने, नियोजनाने आणि लोकांनी वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांनी घडवलेली आहे, हे मला प्रामुख्याने सांगायचे आहे.

मेक्लेनबुर्गची तळी ही शेवटच्या हिमयुगाची करणी आहे. स्कॅन्डिनेव्हियाकडून सरकत आलेला बर्फाचा प्रचंड थर हजारो वर्षांपूर्वी मागे हटला, तेव्हा त्याने रेटत आणलेल्या दगडमातीच्या ठेंगण्या टेकड्या तेवढ्या मागे राहिल्या; जमिनीत गाडले गेलेले हिमखंड विरघळून पडलेल्या खळग्यांत पाणी साचले, आणि वितळत्या बर्फाच्या प्रवाहांनी वाहून आणलेली वाळू पुढच्या मैदानावर पसरली. अशा वाळूत पीक नीट येत नाही, त्यामुळे तिथे रान टिकले किंवा लावले गेले, आणि ते मुख्यतः पाइनचे आहे. संपूर्णपणे जर्मनीच्या हद्दीत असलेल्या तळ्यांपैकी सर्वांत मोठे म्युरित्स हे तळे याच भागात असून त्याचा विस्तार शंभर चौरस किलोमीटरहून अधिक आहे. सपाट प्रदेश म्हणजे टेबलासारखा गुळगुळीत, असे मात्र कोणी समजू नये. लहान चढउतार मधूनमधून लागतातच, पण ते दोन-चार मिनिटांत संपतात.

खरी परीक्षा पाहते ती वाळू. वनातल्या वाटेचा तपकिरी रंग एखाद्या वळणावर उजळून पिवळसर दिसू लागला की पुढे मऊ वाळू आहे असे ओळखावे. पुढचे चाक तीत रुतते, हँडल हातातल्या हातात आपल्या मनाने वळू लागते आणि घाबरून पुढचा ब्रेक दाबला की तोल जातो. अशा वेळी आधीच हलका गिअर टाकून, शरीराचा भार किंचित मागे घेऊन, पॅडल न थांबवता सरळ रेषेत जात राहावे, आणि तेही जमत नसेल तर खुशाल उतरून सायकल ढकलावी. टायर चार सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असावेत आणि त्यांत हवा थोडी कमी ठेवावी. जुन्या गावांत शिरताना उभ्याआडव्या दगडांची फरसबंदी लागते, तिथेही हेच टायर मनगटांना वाचवतात. ही माहिती क्षुल्लक वाटेल, परंतु अशा प्रवासात दिवस सुखाचा जाणार की त्रासाचा, हे चढापेक्षा वाटेच्या पृष्ठभागावरच अधिक ठरते.

सपाटीवर सायकल चालवण्याचे गणितच वेगळे असते. चढावर सामानाचा प्रत्येक किलो पायांना जाणवतो, सपाटीवर तो मुख्यतः थांबून पुन्हा निघताना जाणवतो. एकदा गती मिळाली की खरा विरोध उरतो तो हवेचा, आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे वेग दुप्पट करायचा झाला तर हवेशी झुंजण्यासाठी आठपट शक्ती खर्ची पडते. उलटपक्षी, जो ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास समाधानी आहे, त्याला साध्या सायकलवर, भरलेल्या पिशव्यांसह, दिवसभर चालता येते. साठीतली माणसे आणि दहा-बारा वर्षांची मुले एकत्र प्रवास करू शकतात ती याच कारणाने. रान वारा अडवते, तर तळ्याचा उघडा काठ तो थेट अंगावर सोडतो, तेव्हा दिवसाची आखणी करताना वाऱ्याची दिशा पाहून मोकळे टप्पे सकाळी लवकर उरकणे शहाणपणाचे ठरते. कार्ल ड्राइसने १८१७ साली मानहाइम शहरातून आपले दुचाकी यंत्र प्रथम बाहेर काढले, तेही सपाट रस्त्यावरच, आणि ते पायाने जमीन मागे रेटत चालवायचे होते. सपाट भूमी ही सायकलची जन्मभूमीच आहे, असे मला वाटत आले आहे. सपाटीचा एक तोटा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. उतारच नसल्यामुळे पाय कधी थांबत नाहीत आणि बसण्याची ठेवणही बदलत नाही. म्हणून सीट अंगवळणी पडलेली असावी आणि तासाभराने उतरून चार पावले चालावे.

आता मोटारींविषयी. जर्मनीच्या १९७५ च्या वनकायद्यानुसार विरंगुळ्यासाठी वनात जाण्याचा हक्क सर्वांना आहे आणि वनातील रस्त्यांवर व वाटांवर सायकल चालवण्याचीही मुभा आहे. मोटार चालवण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही. फिनलंडमध्येही दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून पायी अथवा सायकलने जाण्यास मालकाची परवानगी लागत नाही, पण मोटार न्यायची तर ती लागते. लाकूड वाहून नेण्यासाठी बांधलेले मैलोन्‌मैल रस्ते सायकलस्वाराला निर्वेध मिळतात ते या साध्या भेदामुळे. म्युरित्सच्या पूर्व काठाची कहाणी तर याहून बोलकी आहे. पूर्व जर्मनीच्या काळात तिथले काही रान सत्ताधाऱ्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते आणि सामान्य माणसाला तिथे प्रवेश नव्हता. त्या राज्याच्या शेवटच्या सरकारने, आपले अस्तित्व संपण्याच्या अगदी तोंडावर, हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित केला. तो निर्णय १ ऑक्टोबर १९९० रोजी अमलात आला आणि दोनच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, जर्मनीचे एकीकरण झाले. काही महिन्यांचा उशीर झाला असता तर त्या काठावर काय उभे राहिले असते, याची कल्पना करणे अवघड नाही. आज उद्यानातील काही रस्त्यांवर खासगी मोटारींना मज्जाव असून पायी चालणारे, सायकलस्वार आणि उद्यानाची बस यांनाच तिथे वाव आहे.

अशी बंदी केवळ सायकलच्या वाटेपुरती ठेवून भागत नाही, ती तळ्याभोवतीच्या परिसराला लागू असावी लागते. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड आणि वरची हवा तुलनेने उबदार असते, तेव्हा आवाज वर विरून न जाता पुन्हा पाण्याकडे वळतो आणि पृष्ठभागाच्या जवळून लांबवर पोहोचतो. पलीकडच्या काठावरची एकच मोटारसायकल या काठावर बसलेल्या माणसाला स्पष्ट ऐकू येते. जिथे तो आवाज नाही, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दिवसांत क्रौंच पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात रात्रीच्या मुक्कामाला उतरताना त्यांचा तुतारीसारखा स्वर ते दिसण्याच्या कितीतरी आधी कानी पडतो. त्यांच्या मुक्कामाच्या जागांजवळ संध्याकाळी जाण्यावर निर्बंध असतात आणि ते पाळलेच पाहिजेत. बिचकलेला थवा अंधारात उडाला तर त्याला दुसरी सुरक्षित जागा शोधावी लागते.

याच भागातून बर्लिन ते कोपनहेगन हा सुमारे ६५० किलोमीटरचा सायकलमार्ग जातो. त्यावर फ्युर्स्टनबेर्ग हे तळ्यांनी वेढलेले छोटे गाव लागते, आणि गावाबाहेर, तळ्याच्या दुसऱ्या अंगाला, राव्हेन्सब्र्यूक येथील स्मारक आहे. १९३९ ते १९४५ या काळात नाझींनी तिथे स्त्रियांसाठी छळछावणी चालवली आणि एक लाखाहून अधिक स्त्रियांना तिथे डांबले गेले. सायकल बाजूला लावून तिथे वेळ घालवावा, असे मी प्रत्येकाला सांगेन. सुंदर पाणी आणि घनदाट झाडी यांच्या आडोशाला काय काय घडू शकते, हे तिथे उभे राहिल्यावर जसे कळते तसे पुस्तकातून कळत नाही.

लाउझित्सची तळी मात्र हिमयुगाने दिलेली नाहीत. तिथे तपकिरी कोळशाच्या उघड्या खाणी होत्या. जमीन खरवडून काढली गेली, गावेच्या गावे उठवली गेली, आणि कोळसा संपल्यावर उरलेल्या प्रचंड खड्ड्यांत पाणी भरून तळी तयार करण्यात आली. झेन्फ्टनबेर्गचे तळे १९६७ ते १९७२ या काळात असे भरले गेले. आज त्याच्या काठाने गुळगुळीत डांबरी सायकलवाट जाते, दोन्ही अंगांना नव्याने लावलेले रान आहे, आणि एके काळी तिथे अवाढव्य यंत्रांची घरघर चालत असे हे कोणी सांगितल्याशिवाय ध्यानातही येत नाही. तिथे फिरणाऱ्याने एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. खाणीतून उपसून टाकलेली सैल वाळू पाणी मुरल्यावर अचानक खचू शकते, म्हणून प्रवेशबंदीचे फलक ओलांडून कधीही आत जाऊ नये, मग काठावरची ती जागा कितीही रमणीय दिसो.

लिंबुर्गमध्येही कोळशाच्या खाणी बंद पडल्या आणि पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. तिथल्या ह्यूगो बोलन या खाण अभियंत्याने एक साधी युक्ती सुचवली. सायकलवाटा जिथे एकमेकींना मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला क्रमांक द्यायचा आणि तिथून पुढे लागणाऱ्या क्रमांकांकडे बाण दाखवायचे. हे जाळे १९९५ साली सुरू झाले आणि पुढे बेल्जियमच्या इतर भागांत, नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीच्या काही भागांत पसरले. सकाळी नकाशा पाहून पाच-सहा क्रमांक कागदाच्या चिठोऱ्यावर लिहावेत, तो चिठोरा हँडलपाशी अडकवावा आणि निघावे. नंतर दिवसभरात फोन बाहेर काढावा लागत नाही. बोक्राइक येथे तर ही वाट चक्क एका तळ्यातून नेलेली आहे. २०१६ साली खुल्या झालेल्या या सुमारे दोनशे मीटरच्या टप्प्यात वाट पाण्याच्या पातळीखाली उतरते आणि दोन्ही बाजूंचे पाणी सायकलस्वाराच्या डोळ्यांच्या रेषेत येते. बदके हात लांबवला तर लागतील इतक्या जवळून जातात. सुटीच्या दिवशी तिथे फार गर्दी होते, म्हणून सकाळी लवकर जावे. पण मला अधिक मोलाचे वाटते ते क्रमांकांचे जाळेच, कारण त्याने अनोळखी माणसाला मोठ्या रस्त्यावर न येता रानातून दूरवर जाण्याची उमेद दिली.

या सगळ्याला आधार आहे तो रेल्वेचा. म्युरित्सकाठचे वारेन, नॉयस्ट्रेलित्स आणि फ्युर्स्टनबेर्ग ही तिन्ही स्थानके बर्लिनहून उत्तरेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहेत, आणि प्रादेशिक गाड्यांत सायकलचे वेगळे तिकीट काढून ती सोबत नेता येते. सुटीच्या दिवशी सायकलींचा डबा लवकर भरतो, तेव्हा मधल्या दिवशी प्रवास करणे बरे. रेल्वेने पोहोचणे शक्य नसते तर लोक सायकली मोटारींवर लादून तिथवर आले असते आणि रानाच्या तोंडाशी वाहनतळ उभे राहिले असते. आरोग्याच्या दृष्टीने सांगायचे तर या रानांत गोचिडी असतात आणि त्यांच्या चाव्यातून लाइम हा आजार होऊ शकतो. गवतात बसून उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी गुडघ्यांच्या मागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली नीट पाहावे, आणि गोचीड आढळल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढून काढावी. तिच्यावर तेल वगैरे मुळीच ओतू नये.

महोदय, माझी विनंती एवढीच आहे की आपल्या पुरवणीत एखाद्या सायकलमार्गाविषयी मजकूर येईल तेव्हा चढाची उंची आणि एकूण अंतर यांच्या जोडीला त्या मार्गाचा कितपत भाग मोटारींपासून मुक्त आहे, वाट डांबरी आहे की खडीची की वाळूची, आणि सायकलसह रेल्वेत कोणत्या स्थानकावर चढता-उतरता येते, हेही छापले जावे. परदेशी सायकल सहली आखणाऱ्या संस्थांनीही आपल्या माहितीपत्रकांत हे नमूद करावे. आज त्यांत निवासाची आणि जेवणाची वर्णने पानभर असतात, आणि दिवसभर ज्या वाटेवरून जायचे तिच्याविषयी जेमतेम एखादी ओळ असते.

कळावे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक