स्मृतिभ्रंशाची रक्तचाचणी करण्याआधी

संपादक महोदय,

अल्झायमरचा माग आता रक्तातून काढता येतो, हे खरे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये अशा पहिल्या चाचणीला मान्यता दिली. तीत रक्तातल्या पी-टाऊ २१७ या प्रथिनाच्या प्रमाणाला अमायलॉइड ४२ या, अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या, प्रथिनाच्या प्रमाणाने भागतात; भागाकार मोठा आला, तर आजाराची शक्यता जास्त. मात्र ती ५५ वर्षे व त्यापुढील वयाच्या, विसराळूपणाची लक्षणे दिसू लागलेल्या आणि तज्ज्ञांकडे तपासणी चालू असलेल्या रुग्णांसाठी आहे. धडधाकट आजी-आजोबांच्या वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये ती कृपया घालू नये. सत्तरीनंतर अनेकांच्या मेंदूत अमायलॉइड साचलेले असते, तरी त्यांचे व्यवहार चोख चालतात. त्यांच्या हाती 'पॉझिटिव्ह' अहवाल पडला, की घरभर धास्ती पसरते.

जत-आटपाडीसारख्या तालुक्यांत रक्त घेऊन नमुना लांब पाठवायचा असेल, तर गफलत वाटेतच होते. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त साकळू न देणारे रसायन असलेल्या) नळीत घ्यावे, नळी हलकेच आठ-दहा वेळा उलटसुलट करावी आणि दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव, वेगळा काढावा. तो पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या नळीतच भरावा, कारण काचेला अमायलॉइड चिकटते. पुढे तो गोठवूनच पाठवावा. रक्त तसेच उकाड्यात पडून राहिले, तर अमायलॉइड घटते, टाऊ फारसे हलत नाही. भागाकार फुगतो आणि नसलेला आजार अहवालात दिसू लागतो. मूत्रपिंड कमजोर असले तरी टाऊ वाढते, म्हणून क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची तपासणी सोबत हवीच. काही अहवाल अधल्यामधल्या पट्ट्यात येतात. त्यांवरून होय किंवा नाही, काहीच ठरवू नये.

ही चाचणी करण्याआधी बी-१२ जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, सोडियम आणि साखर पाहावी. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी-१२ अनेकदा उतरलेले असते, आणि ते भरून काढता येते. झोपेच्या आणि लघवी रोखण्याच्या काही गोळ्यांनीही विसरायला होते. पडून डोक्याला मार लागला असेल, तर काही आठवड्यांनीही मेंदूभोवती रक्त साचू शकते. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. स्मरणशक्ती तपासताना शाळेची पायरी न चढलेल्या आजींना शंभरातून सात वजा करायला लावून गुण कापणे तर सरळ अन्यायच आहे. बाजारहाट, पैशांचा हिशेब, गोळ्यांच्या वेळा यांत सहा महिन्यांत काय बदलले, हे घरच्यांना विचारावे.

प्रयोगशाळांनी रक्त घेतल्याची आणि प्लाझ्मा वेगळा केल्याची वेळ अहवालावर छापावी. छापलेली नसेल, तर नातेवाइकांनी ती मागून घ्यावी.

– एक पॅथॉलॉजिस्ट, मिरज (जि. सांगली)