पॉइंट बावीसची स्वस्त गोळी आणि बॅरलचा मळ

संपादक साहेब, नमस्कार.

२०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ आणलं तेव्हापासून माझ्या ओळखीतल्याच चार घरांतली पोरं शूटिंगला जायला लागलीत, तुमच्या पेपरात फोटो पण मस्त येतात, पण रोज प्रॅक्टिसला जी पॉइंट बावीसची (म्हणजे ०.२२ इंच जाडीची) गोळी लागते तिच्यावर कुणी चार ओळी लिहित नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहावं. माझी लेक २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल मारते, राही सरनोबतनं २०१८ ला इंडोनेशियात पालेमबांगला एशियाडचं गोल्ड घेतलं तोच इव्हेंट. मी काही शूटर नाही, बॅग उचलणारा आणि घरी येऊन पिस्तूल पुसणारा बाप आहे.

मॅच ६० गोळ्यांची, प्रॅक्टिस त्याच्या दुप्पट, त्यामुळे मॅचची भारी गोळी रोज कुणाला परवडणार? मग स्वस्तातली येते आणि दोन-तीन दिवसांत बॅरलमधून, म्हणजे पिस्तुलाच्या नळीतून, उजेडाकडे बघितलं की आतल्या खाचांत करड्या चकचकीत रेघा दिसतात. ते शिसं. पॉइंट बावीसच्या गोळीला बहुतेक वेळा तांब्याचं कवच नसतं, उघडं शिसं आणि वरून मेणासारखं वंगण, स्वस्त गोळीत हे वंगण कुठं जास्त कुठं नाहीच, त्यात गोळीचं माप जरा कमी असलं की मागचा गरम गॅस बाजूनं निसटतो आणि शिसं नळीला थापलं जातं. चेंबरच्या, म्हणजे नळीत मागं गोळी बसते त्या जागेच्या, तोंडाशी काजळीचं कडं बसतं ते वेगळंच, मग पुढची गोळी नीट आत बसत नाही, रिकामी पुंगळी अडकते, आणि रॅपिडमध्ये, म्हणजे मॅचच्या झटपट मारायच्या भागात, टार्गेट ३ सेकंदच समोर असतं हो, तेवढ्यात अडकलेलं काढायला स्लाइड (पिस्तुलाचा मागं सरकणारा भाग) कोण ओढत बसणार.

आता रेंजवर सगळे सांगतात की स्वस्त गोळी बॅरल खाते. मला नाही पटत. शिसं मऊ, बॅरल पोलादाचं, मळ काढला की ग्रुप (एकाजवळ एक पडलेली भोकं) परत जागेवर येतो हे मी लेकीच्या टार्गेटच्या कार्डावर बघितलंय. बॅरल खराब करतो आपण, साफ करताना. नळीच्या पुढच्या तोंडाकडून लोखंडी रॉड घालून घासाघास केली की तोंडाची कड झिजते आणि गोळी बाहेर पडताना शेवटी त्याच कडेला सोडून जाते, म्हणजे नेम तिथंच गेला. मी पण पहिल्या वर्षी हेच केलं, एका ओळखीच्या आर्मीवाल्या काकांनी हातातून रॉड काढून घेतला! आता दोरी मागून घालून पुढं ओढतो, तेल लावलेली चिंधी, आणि खूपच शिसं असेल तर पितळी ब्रश, बास.

स्वस्त गोळीची खरी भीती वेगळीच आहे. या काडतुसात मधोमध टिकली नसते, पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो, तो सगळीकडे सारखा पोचला नाही तर पिन आपटूनही गोळी उडत नाही. पण नुसता "पुक" असा बारीक आवाज आला आणि कागदावर भोक दिसलं नाही तर मात्र थांबायचं, कारण गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यावर दुसरी मारली तर बॅरल फुगतं, मग ते कुठल्याच ब्रशनं सरळ होत नाही. नवीन पोरांना हे पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे, सांगतात ते फक्त ट्रिगर कसा दाबायचा.

आणि हात. मळात शिसं, धुरात शिसं, बऱ्याच गोळ्यांच्या मसाल्यातही शिसं, आणि आमची पोरं मारून झाली की त्याच हातानं वडापाव खातात. लहान वयात शिसं पोटात गेलेलं वाईट, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. तुम्ही एखादा आरोग्याचा कॉलम यावर छापा ना. आम्ही जातो त्या रेंजवर बेसिन आहे, पाणी पण येतं, साबण नसतो. मी दोनदा नेऊन ठेवला, दोन्ही वेळा आठवड्यात गायब.

आपला,
एका पिस्तूल शूटरचा बाप, कोल्हापूर