कूलर का नाही लावला

टूसॉन, अ‍ॅरिझोना
जून अखेर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर आमच्या बसमधल्या घरातला एसी बघून तुम्ही विचारलंत, “एसी कशाला? कूलर का नाही लावला?” आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. मी विषय टाळला नाही हो! अकोल्याच्या माणसाला हे नीटच सांगावं लागतं, म्हणून लिहायला बसले.

इथे टूसॉनमध्येही घराघरांवर कूलर दिसतात. आपल्याकडे वाळ्याच्या ताट्या, इथे अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा कीस; बाकी तोच पत्र्याचा डबा, तोच पंप. मे-जूनच्या कोरड्या उन्हात झकास चालतात. जुलैत मात्र इथेही पावसाळा येतो, हवा दमट होते, आणि मग मृग लागल्यावर आपल्या हॉलमध्ये जी चिकचिक व्हायची तीच गत. शिवाय बसमध्ये पाणी टाकीत असेल तेवढंच. ते कूलरला पाजायचं की आंघोळीला ठेवायचं?

बस कोलोरॅडोच्या एका शाळेची. हीटर दणदणीत, एसीचा पत्ता नाही. एसी बसवणं शेवटचं काम; खरी मेहनत त्याआधीची. छताचे दोन पत्रे, मध्ये बोटभर फायबर, आणि लोखंडी कमानी ऊन थेट आत आणणाऱ्या. आतला पत्रा उतरवायला शेकडो रिव्हेट काढले, मग फोम मारला. निम्म्या खिडक्या पत्रा लावून बंद केल्या, टप पांढरा रंगवला. एवढं केल्यावर कुठे एक टन पुरतो.

गाड्यांच्या टपावर बसवायचा वेगळा एसी मिळतो, पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना असा झटका घेतो की आमचा बॅटरीवरचा इन्व्हर्टर मान टाकेल. म्हणून घरातला स्प्लिटच लावला, इन्व्हर्टरवाला. तो हळूहळू वेग घेतो. इथे व्होल्टेज १२०, त्यामुळे तिकडे ५ अँपिअर घेईल तिथे हा १० घेतो. खोली गार झाली की ५०० वॅटच्या आसपास, म्हणजे रात्रभरात चार-साडेचार युनिट. बॅटऱ्या दहा युनिटच्या, टपावर २००० वॅटचं सोलर. दिवसा एसी उन्हावरच चालतो. ज्यानं तापवायचं त्यानंच गार करायचं!

बाहेरचं युनिट मागच्या बाजूला, चेसिसला वेल्ड केलेल्या चौकटीवर आहे, खाली रबर. मागचा संकटकाळचा दरवाजा मोकळा ठेवलाय, आई, तू विचारशीलच. तांब्याच्या नळीला युनिटपाशी एक पूर्ण वेढा दिलाय, कारण बस खडखडते आणि सरळ नळी नटाच्या तोंडाशी चिरते. गॅसचं काम इथे लायसन्सवाल्यानंच करायचं असतं. आलेला मेकॅनिक आधी बसभर फिरून हसला, मग नळीतली हवा ओढून काढणारा पंप लावून मीटरचा आकडा ५०० मायक्रॉनच्या खाली जाईपर्यंत हूं की चूं न करता बसला. त्यानंतर पंप बंद करून पुन्हा थांबला, आकडा चढतोय का बघत. असा माणूस आवडलाच असता तुम्हाला.

एक कटकट राहिलीच आहे. बस उताराला लावली की पाणी ड्रेनकडे न जाता आतल्या युनिटच्या दुसऱ्या टोकाला साचतं आणि थेट जावयाच्या उशीवर ठिबकतं. त्यामुळे कुठेही मुक्काम केला की आधी लेव्हल बघायची, मग चहा.

आई, काकूंना “मुलगी बसमध्ये राहते” असं दबक्या आवाजात सांगू नकोस. भाडं नाही, एसी आहे, गॅसची शेगडी आहे, दाराला कुलूप आहे. आणि काल रात्री मी चादर घेऊन झोपले.

बाबा, वायरिंगची आकृती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आहे. बॅटरी ४८ व्होल्टची, इन्व्हर्टर ३००० वॅटचा, तारेवर १०० अँपिअरचा फ्यूज. वीज मंडळात असताना ज्युनिअरच्या कागदांवर मारायचात तशा लाल फुल्या मारून पाठवा. तारेची जाडी तेवढी नक्की बघा.

तुमची,
सोनू