आईचा लॅपटॉप नेटला लागला

सांगली

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तू आईला देऊन गेलेला तुझा जुना लॅपटॉप आता नेटला लागतोय. बचत गटाचं खातं तिने काल बँकेच्या साइटवर बघितलं आणि एकीचा हप्ता जमा नाही म्हणून लगेच फोनही लावला.

फोनवर तू म्हणालीस, "बाबा, पिन टोचून राउटर रिसेट करा." ते मी केलं नाही, रागावू नकोस. राउटर बंद करून चालू केला होताच, पण रिसेट म्हणजे वेगळं प्रकरण. कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड त्यात भरलेलं असेल तर तेही पुसलं जातं. मग लॅपटॉप राहिला बाजूला, चालू असलेले मोबाइलही बंद, आणि कंपनीच्या माणसाची वाट बघत बसा.

टेलिफोन खात्यात असताना तक्रार आली की आम्ही आधी डीपीवर, म्हणजे घरांच्या वायरी जिथे जोडतात त्या खांबावरच्या डब्यावर, टेस्ट फोन लावायचो. तिथे टोन मिळाला की दोष घराकडच्या वायरीत, नाही मिळाला की एक्स्चेंजच्या बाजूला. दोन्हीकडे एकदम हात घालायचा नाही. इथेही तसंच केलं. माझा मोबाइल वायफायला लावला आणि त्याचा डेटा बंद केला. हे लोक विसरतात बघ. मोबाइल सिमवर चालत असतो आणि यांना वाटतं ब्रॉडबँड चालू आहे. व्हिडिओ न अडखळता चालला, फायबरच्या डब्यावर लाल दिवाही नव्हता. म्हणजे लाइन आणि राउटर दोन्ही ठीक, घोळ लॅपटॉपात.

आईचं म्हणणं, राउटर वर ठेवलाय म्हणून रेंज येत नाही. 2019 साली आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून विजेची वस्तू खाली ठेवायची नाही हा नियम तिचाच, आणि आता तक्रारही तिचीच. लॅपटॉप वर नेऊन राउटरला चिकटवून ठेवला. तरी तेच, 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. कनेक्टेड म्हणतोय म्हणजे वायफायचा पासवर्डही बरोबर होता.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं आणि चोर सापडला. मोबाइलला राउटरने दिलेला आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, 192.168.1 ने सुरू होतो, लॅपटॉपचा 10 ने. राउटरने आयपी दिलाच नसता तर 169.254 ने सुरू होणारा दिसला असता, तसंही नव्हतं. हा कुणीतरी हाताने भरलेला होता. तुझ्या हॉस्टेलच्या नेटला लागायचा तोच ना? पोरगी हॉस्टेल सोडून नोकरीला लागली, लॅपटॉप अजून तिथेच मुक्कामाला!

कंट्रोल पॅनेलमधून वायफाय अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलो, आयपी व्हर्जन फोर उघडलं आणि 'ऑटोमॅटिकली' वर टिचकी मारली. आयपी लगेच आला, पण साइट उघडेना. गूगलच्या 8.8.8.8 या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे हाक मारून बघितली, तर उत्तर येत होतं, साइटचं नाव टाकलं की गप्प. त्याच खिडकीत खाली डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, वेगळा पर्याय असतो, त्यात हॉस्टेलचाच सर्व्हर बसला होता. वरचा बदलला म्हणून खालचा आपोआप बदलत नाही. तोही ऑटोमॅटिक केला आणि बँकेची साइट उघडली. तुझ्या ऑफिसात कुणाचं असं अडलं तर हा खालचा पर्याय आधी बघायला सांग, तिथेच जास्त वेळ जातो.

दिवाळीत आली होतीस तेव्हा राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदलून गेलीस. राउटरखालच्या स्टिकरवरचा आता चालत नाही. नवा कोणता ठेवलायस तो आईला मेसेज करू नकोस, मला फोन करून सांग. मी वहीत लिहून ठेवतो.

तुझा,
बाबा