मीटरवरचा आकडा तसाच ठेवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आपले नाव व दुकानाचा ठावठिकाणा कोठेही येऊ द्यायचा नाही, या अटीवर आपण मला हे पत्र उघडपणे लिहिण्याची परवानगी दिलीत, आणि ती अट मी पाळतो आहे. मिरजेच्या बाजूला जुनी मीटरे, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा एक वयस्कर कारागीर, एवढी ओळख वाचकांना पुरे आहे. आभार मात्र मोघम मानून चालणार नाहीत. आपण माझ्या मोटारसायकलीसाठी नेमके काय केलेत आणि काय करण्यास साफ नकार दिलात, हे तपशिलाने सांगितल्याखेरीज मला समाधान वाटणार नाही.

द्राक्षबागांतील फवारणीच्या ब्लोअरची देखभाल हे माझे काम असल्याने तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या भागांत माझी रोजची फिरती असते. मागे अवजारांची पेटी बांधून बागेच्या कच्च्या वाटेने चढताना गाडीला ओढ कमी पडते, म्हणून मी चेनचे पुढचे चक्र, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘सॉकेट’ म्हणतात, १५ दात्यांचे काढून १४ चे बसवले होते, आणि मागे १००/९०-१७ ऐवजी १२०/८०-१७ मापाचा टायर घातला होता. त्यानंतर गाडीचे मीटर आणि मोबाइलचा जीपीएस यांचा मेळ बसेना. मीटर ६० म्हणे, तर मोबाइल ५४. एका दुकानात मला संपूर्ण नवे मीटर बसवण्याचा सल्ला मिळाला आणि दुसऱ्या दुकानात ‘सगळ्यांची असतात तशी’ म्हणून वाटेला लावले गेले. आपल्याकडे मी ‘मीटर बरोबर करून द्या’ एवढीच मागणी घेऊन आलो होतो. आपण पेचकसालाही हात लावला नाहीत. ‘आधी मोजून ये, मग बोलू,’ एवढे सांगून आपण मला परत पाठवलेत. खरे सांगायचे, तर त्या दिवशी मला आपला थोडा रागच आला होता.

पुढचे दोन आठवडे मी आपण सांगितल्याप्रमाणे मिरजेपुढच्या पंढरपूर रस्त्यावर पहाटे, वाहतूक नसताना, किलोमीटरच्या दगडांवरून मोजमाप केले. एखादा दगड जागेवरून थोडा सरकलेला असू शकतो, म्हणून एका किलोमीटरवर विसंबायचे नाही, सलग पाच तरी घ्यायचे, हा आपलाच दंडक होता. मीटरवर ६० चा आकडा स्थिर ठेवून पाच किलोमीटर जायला पाच मिनिटे लागायला हवीत. मला दर वेळी पाच मिनिटे चौतीस सेकंदांच्या आसपास लागली, म्हणजे खरा वेग ताशी ५४ किलोमीटरच्या किंचित खालीच होता. दुसरे मोजमाप अंतराचे होते. दगडांप्रमाणे वीस किलोमीटर झाले, तेव्हा मीटरने २१.० किलोमीटर नोंदवले होते. वेगात अकरा टक्क्यांहून अधिक फरक आणि अंतरात मात्र पाचच टक्के, हे कोडे घेऊन मी आपल्याकडे परत आलो, तेव्हा आपण प्रथमच खुर्ची पुढे सरकवलीत.

त्या संध्याकाळी आपण केबलवर चालणारे एक जुने मीटर उघडून माझ्यापुढे ठेवलेत. आत फिरणारे चुंबक, त्याभोवती त्याला न शिवता बसवलेली ॲल्युमिनियमची वाटी आणि त्या वाटीला मागे ओढणारी केसासारखी स्प्रिंग, एवढ्यावर काटा चालतो. चुंबक जितके जोरात फिरेल तितका वाटीत निर्माण होणाऱ्या भोवरा-प्रवाहांचा, म्हणजे धातूत गोल फिरणाऱ्या विजेच्या प्रवाहांचा, ओढा वाढतो. बर्लिनमध्ये ऑटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती पुढची कित्येक दशके जगभरच्या गाड्यांत चालली, हे मला आपल्याकडून कळले. पण आपल्याला दाखवायची होती ती गोष्ट वेगळीच होती. त्या मीटरात काट्याचे काम चुंबकाकडे आणि किलोमीटर मोजण्याचे काम दात्यांच्या चाकांकडे, अशी वाटणी आहे. स्प्रिंगला हात लावून काटा खाली आणला, तरी किलोमीटरच्या हिशेबाला धक्का लागत नाही. माझ्या गाडीत तशी सोय नाही. गिअरबॉक्सच्या शाफ्टजवळच्या सेन्सरकडून एकाच तारेने विजेचे स्पंद येतात, आणि मीटर त्यांवरूनच वेग दाखवते व अंतरही मोजते.

मग आपण जुन्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडलात. पंधराचे चौदा दाते केल्याने तेवढ्याच अंतरासाठी शाफ्ट ७.१ टक्के अधिक फिरतो. टायर मोठा झाल्याने, कागदावरच्या मापांप्रमाणे परीघ १९२२ मिलिमीटरवरून १९६० वर गेला आणि त्यातले दोन टक्के परत मिळाले. उरतात पाच टक्के, आणि तेच पाच माझ्या वीस किलोमीटरांच्या मोजणीत आले होते. म्हणजे वेगातला उरलेला सहा टक्के फरक ना सॉकेटचा, ना टायरचा. तो कारखान्यातूनच ठेवलेला होता. मीटरने दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीतील ३९ व्या नियमाचे तत्त्व आहे, आणि टायरचे माप, हवा, झीज या साऱ्यांना पुरून उरावे म्हणून उत्पादक मीटर थोडे चढेच ठेवतात.

मी तरीही हट्ट धरला की मधे एक सर्किट टाकून स्पंद अकरा टक्क्यांच्या हिशेबाने कमी करावेत, म्हणजे मीटरवर खरा वेग येईल. येथे आपण पहिला नकार दिलात, आणि या पत्राचे खरे कारण तोच नकार आहे. वेग बरोबर करण्यासाठी तेवढे स्पंद कापले असते, तर त्याच तारेवर चालणारा किलोमीटरचा आकडा खऱ्यापेक्षा पाच-साडेपाच टक्के मागे पडू लागला असता. दहा हजार किलोमीटर चाललेली गाडी साडेनऊ हजारांच्या आत दिसली असती. ऑइल आणि चेनच्या देखभालीचे वेळापत्रक त्यामुळे लांबले असते हे एक, आणि उद्या गाडी विकताना घेणाऱ्याची फसवणूक झाली असती हे दुसरे. ‘अंतर खरे राहील एवढेच मी करीन, वेगाचा आकडा कंपनीने ठेवला तसा राहू दे,’ हे आपले शब्द होते. खरा वेग पाहायचाच असेल, तर त्यासाठी स्वतंत्र पडदा कर, तो मीटरमध्ये घुसडू नकोस, असेही आपण सुचवलेत.

स्पंद कमी करणाऱ्या सर्किटाविषयी फारसे लिहीत नाही, कारण ते आपण दोन रविवारांत सहज केलेत. एक लहान मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी चिप, येणाऱ्या स्पंदांमधला काळ मोजतो आणि तो पाच टक्क्यांनी वाढवून पुढे पाठवतो, इतकेच त्याचे काम. गाडीच्या मूळ वायरिंगला मात्र आपण कात्री लावू दिली नाहीत. दोन्ही टोकांना मूळ कपलरसारखेच कपलर जोडून सर्किट मधे अडकवले, जेणेकरून ते कधी बंद पडले, तर रस्त्याच्या कडेला मिनिटभरात काढून मूळ जोडणी पूर्ववत करता यावी. ज्या गाड्यांत एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, चाकाच्या सेन्सरवर चालते, तेथे त्या तारेच्या वाटेला जायचेच नाही, हा इशाराही आपण दिला होता. माझ्यासारखा खटाटोप करू पाहणाऱ्यांसाठी तो येथे नोंदवून ठेवतो.

पडद्याची कथा मात्र लांब आहे आणि तीत माझी शोभाच अधिक झाली आहे. आपल्याकडे येण्यापूर्वीच मी मागच्या चाकावर एक चुंबक चिकटवून, स्विंगआर्मवर, म्हणजे ते चाक धरणाऱ्या दांड्यावर, चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवून आणि आर्डुइनो नॅनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून एक प्रयोग केलेला होता. आकडा सातावरून चौदावर, चौदावरून एकविसावर अशा उड्या मारी, आणि हॉर्न वाजवला की पडदा पार कोरा होई. आपण तो डबा हातात घेतलात, नाकाजवळ नेलात आणि ‘व्हिनेगरचा वास येतोय’ म्हणालात. फटी बुजवायला मी वापरलेले सिलिकोन वाळताना आम्ल सोडणाऱ्या जातीचे होते, आणि आतल्या तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढू लागला होता. २०१९ च्या महापुरात आपले दुकान पाण्याखाली गेले, तेव्हा किती सर्किटे अशी हिरवी पडलेली आपण पाहिली असतील, हे माझ्या नंतर लक्षात आले. पुढच्या डब्याला आम्ल न सोडणारे सिलिकोन आले आणि सर्किटावर वॉर्निशचा पातळ हातही फिरला.

उड्यांचे कारण साधे होते. मी दर सेकंदाला चाकाचे फेरे मोजत होतो, आणि एका फेऱ्याला जवळपास १.९ मीटर अंतर असल्याने एका फेऱ्याचा फरक पडला की वेगात थेट सात किलोमीटरचा फरक पडे. आपण फेरे मोजणे सोडून दोन फेऱ्यांमधला काळ मोजायला लावलात. ताशी ६० ला एक फेरा सुमारे ०.११५ सेकंदात होतो, आणि मायक्रोकंट्रोलरला एवढा काळ फार बारकाईने मोजता येतो. त्यातून एक नवीच गंमत निघाली. विश्रामबागच्या सिग्नलला मी पाय टेकून उभा आणि पडद्यावर ९ चा आकडा ठाण मांडून! चाक थांबले म्हणजे पुढचा फेरा येतच नाही, म्हणून शेवटचा वेग तसाच राहतो. दोन सेकंदांत फेरा आला नाही तर शून्य दाखवायचे, ही एक ओळ लिहिल्यावर तो दोष गेला.

हॉर्नचे दुखणे मात्र आपण नसता तर मला उलगडलेच नसते. हॉर्नच्या कॉइलमधला प्रवाह तुटताना तारांमध्ये उसळणारा विद्युतदाब आणि गाडी चालू असताना बॅटरीवर चढणारे चौदा व्होल्ट, या दोहोंचा मार माझ्या नॅनोवरचा चिमुकला रेग्युलेटर एकटा सोसत होता. आपण बॅटरीजवळ एक अँपिअरचा फ्यूज, उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड, उसळी गिळणारा टीव्हीएस डायोड आणि पाच व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर, या क्रमाने पुरवठा बांधलात. सेन्सरच्या तारा एकमेकींना पीळ देऊन इग्निशन कॉइलपासून दूर, चासीच्या दुसऱ्या बाजूने नेल्यात. सतारीची जवारी लावणारे मिरजेतले कारागीर घोडीवर कानस एकदा फिरवतात आणि दहा वेळा तार छेडून ऐकतात. आपणही एक भाग जोडून दहा वेळा हॉर्न वाजवायला लावत होतात. शेजाऱ्यांची क्षमा मी आजही मागायची आहे.

पडदा निवडतानाही आपलेच खरे ठरले. माझा पाऊण-एक इंचाचा ओएलईडी पडदा घरात फार देखणा दिसे आणि एप्रिलमधल्या दुपारी तासगाव रस्त्यावर त्यात माझेच तोंड दिसे. आता तेथे लाल सात-खंडी आकडे आहेत, वर धुरकट ॲक्रिलिक आहे, आणि अंधारात ते मंद व्हावेत म्हणून उजेड ओळखणारा एक एलडीआर आहे. मला त्यावर गिअर, तापमान, घड्याळ असे सगळेच हवे होते. ताशी ६० ने जाणारी गाडी दोन सेकंदांत तेहतीस मीटर जाते, तेवढा वेळ तू पडदा वाचत बसणार का, असे विचारून आपण माझी यादी वेग आणि बॅटरीचा दाब, एवढ्यावर आणलीत. त्या दाबाच्या आकड्यानेच जूनमध्ये चालत्या गाडीत १२.१ दाखवून आरआर युनिटचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरचा, कपलर करपल्याचे मला वेळेत कळवले, नाहीतर त्या पावसात पलूसच्या पुढे मी गाडी ढकलत बसलो असतो.

आपला दुसरा नकार मी सर्वांत शेवटी लिहितो, कारण तो मला तेव्हा फार लागला होता. सॉकेट बदलल्यापासून मीटरने ११,५०० किलोमीटर नोंदवले होते, खरे अंतर १०,९५० च्या आसपास होते. वरचे साडेपाचशे मागे फिरवून द्यावेत, ही माझी विनंती वरकरणी रास्तच होती. आपण म्हणालात की मीटर मागे फिरवणारा हात एकदा शिकला की तो कशासाठी शिकला हे कोणी विचारत नाही, आणि आपल्या दुकानात ते काम आजवर झालेले नाही. त्याऐवजी आपण मला तारीख, आकडा आणि कारण कागदावर लिहून तो आरसीच्या पाकिटात ठेवायला लावलेत. तो कागद तेथे आहे.

त्या कागदामुळेच मला प्रवासभत्त्याचा हिशेब आठवला. कार्यालयाकडून मी मीटरप्रमाणे ८,४०० किलोमीटरांचे पैसे घेतले होते. त्यातले सुमारे ४०० किलोमीटर गाडी कधी चाललीच नव्हती. सात रुपये दराने होणारी रक्कम मी अर्जासह परत केली, तेव्हा ती कोणत्या खात्यात जमा करावी हे लेखापालांना दोन दिवस समजेना. आपण माझ्याकडून सुट्या भागांपलीकडे एक रुपयाही घेतला नाहीत, त्यामुळे निदान ही बातमी तरी आपल्याला द्यावी असे वाटले.

पडद्याच्या प्रोग्राममध्ये १९२४ हा आकडा अजून तसाच आहे. टायरवर खडूची रेघ मारून, मी गाडीवर बसलेलो असताना आपण पाच फेरे ढकलून ९.६२ मीटर मोजलेत, त्याचा तो पाचवा भाग. आता टायर चार मिलिमीटरभर झिजला आहे, म्हणजे परीघ पंचवीस मिलिमीटरने कमी झाला असावा आणि पडदा सव्वा टक्क्याने चढे सांगत असावा. येत्या रविवारी सकाळी खडू आणि टेप घेऊन येतो. ढकलायला या वेळी भाच्याला बरोबर आणतो, आपण फक्त टेपचे टोक धरावे. आपला मल्टिमीटर माझ्याकडे राहिला आहे, तोही परत करीन.

आपला कृतज्ञ,
सांगलीचा एक दुचाकीस्वार